वर्धा-पैनगंगेत मालवाहू बार्ज: पाणी कुठून येणार, पैसा कोण लावणार?

घाटावरचा:
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव वढ्याजवळ. वर्धा-पैनगंगेचा संगम, कार्तिकात जत्रा भरते तोच घाट. माझे तीन ट्रक आहेत, दोन कोळशावर आणि एक जिनिंगच्या गाठींवर. दिवाळीनंतर एक दलाल मागे लागला. नदीकाठी तीन एकर पडीक आहे, घेऊन टाक म्हणतो. का, तर इथून केंद्राचा जलमार्ग जाणार, जेट्टी होणार, गोदामं येणार. मला वाटलं थाप मारतोय. पण त्यानं मोबाइलवर २०१६ चा राष्ट्रीय जलमार्ग कायदा उघडून दाखवला. यादीत १११ नावं आणि ७८ नंबरला चक्क पैनगंगा-वर्धा, २६५ किलोमीटर! माणूस खोटं बोलत नव्हता. मी इसार म्हणून २१ हजार देऊन बसलो. बाकीची रक्कम पाडव्याला द्यायची आहे.

आता झोप लागत नाही. आमच्यासारख्या नदीत मालाची बोट चाललेली कुणी पाहिली आहे का? गाळ काढायचा, दरवाजे बसवायचे, दर वर्षी दुरुस्ती करायची, त्याला पैसा कोण देतं? आणि आपल्याकडे आधी कुणी हा उद्योग करून पाहिला होता का? हसायचं तर हसा, पण सांगा.

सावजी_तर्री:
मार्चमध्ये वर्धेत बार्ज? माझा मामा आर्वीकडचा आहे बे. त्याची बैलगाडी नदी ओलांडते तेव्हा चाकाची धाव सुद्धा ओली होत नाही. जेट्टी राहू दे, टोलनाका टाक. बैलगाड्यांकडून घे.

घुग्घुसकर:
तर्री, थट्टा पुरे. भाऊ, मी कोळशाच्या धंद्यात वीस वर्षं आहे, सरळ हिशोब सांगतो.

वाघिणींचा एक रेक, म्हणजे एक अख्खी मालगाडी, मोटामोटी चार हजार टन. हजार टनाची एक बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालाची बोट, धरली तर चार बार्ज भरल्या की एक रेक झाला. रेक खाणीच्या सायडिंगला लागतो आणि वीज केंद्राच्या सायडिंगला रिकामा होतो, मध्ये माल कुठंही खाली उतरत नाही. बार्जचं तसं नाही. खाणीतून ट्रकनं घाटावर, घाटावरून बार्जमध्ये, पलीकडे बार्जमधून पुन्हा ट्रकमध्ये. प्रत्येक चढ-उताराला पैसा जातो आणि कोळशाचा चुरा होतो तो वेगळाच.

सरकारी कागदात एक आकडा नेहमी दिसतो: टनामागे किलोमीटरला पाण्यानं १ रुपया ६ पैसे, रेल्वेनं १ रुपया ३६ पैसे, रस्त्यानं अडीच रुपये. आकडा चूक नाही. पण तो नुसत्या वाटेचा आहे, चढ-उतार धरा मग बघा काय उरतं. अंतर लांब असेल तर पाणी परवडतं. आपल्याकडे खाण ते वीज केंद्र हे अंतर बहुतेक ठिकाणी एका चहात संपतं.

पांढरकवडा_एक्सप्रेस:
घुग्घुसकर भौ, तुमचा चहा लय मोठा दिसून रायला 😄

निवृत्त_शाखा_अभियंता:
घाटावरचे भाऊ, जमिनीचं नंतर बोलू, आधी पाण्याचं बोलू.

हजार टनाच्या बार्जला सुमारे दोन मीटर खोली लागते. डोहात नाही, वाटेवर सगळीकडे सलग, आणि पुरेशा रुंदीत. २६५ किलोमीटरपैकी एका जागी गुडघाभर पाणी असलं की बाकीचे २६४ वाया. वर्धा आणि पैनगंगा दोन्ही पावसावरच्या नद्या. वर अप्पर वर्धा, लोअर वर्धा, तिकडे पैनगंगेवर इसापूर. पाणी तिथं अडतं, सिंचनाला जातं, शहरांना जातं, उद्योगांना जातं. जानेवारीनंतर खाली उरते ती रेती, आणि ती सुद्धा रात्री ट्रॅक्टरनं जाते.

मग उपाय काय? नदीवर ठरावीक अंतरानं बंधारे बांधून पाण्याच्या पायऱ्या करायच्या आणि प्रत्येक पायरीवर लॉक ठेवायचं. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधला हौद. बोट आत आली की मागचा दरवाजा बंद, हौदात पाणी भरायचं, बोट वर उचलली जाते, पुढचा दरवाजा उघडायचा. उतरताना उलटं. यंत्रं थोडी, गेट सांभाळणं मात्र रोजचं काम.

इथंच माझी शंका आहे. आपल्याकडचे कोल्हापुरी बंधारे आठवा. पावसाळा सरला की बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, टाकायचे, जूनच्या आत काढायचे, एवढंच काम. कोट्यवधीचा बंधारा उभा असतो आणि बरगे वेळेवर टाकायला माणूस नसतो. लोखंडी बरगे भंगारात जातात, रबरी पट्ट्या कुजतात, आलेलं पाणी फटीतून निघून जातं. नोकरीत असे पंचनामे मी स्वतः लिहिलेत. एका बंधाऱ्याचे ६२ बरगे एका अमावस्येत गेले, सकाळी नुसत्या खाचा उरल्या. बरगे सांभाळता येत नाहीत त्यांनी बार्जचं नाव घ्यावं का?

सावजी_तर्री:
बरगे ते बार्ज! सर, धाग्याचं नाव बदला 🙏

सिरोंचा_डाक:
"आधी कुणी करून पाहिलं का" याचं उत्तर आमच्या गावाकडे आहे, म्हणून लिहितोय.

इंग्रजांनी हाच उद्योग केला होता आणि तो कापसासाठीच होता. त्या काळी वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलांच्या पाठीवरून तांडे थेट मिर्झापूरला गंगेवर न्यायचे. महिनेच्या महिने लागायचे. तिकडे गोदावरीच्या मुखाकडे आर्थर कॉटन या इंजिनिअरनं धवळेश्वरमचा बंधारा १८५२ ला पुरा केला, तिथल्या कालव्यांतून शेतीला पाणी आणि बोटी दोन्ही चालू झाल्या. माणसाचं नावच कॉटन! त्याचा पुढचा विचार असा की गोदावरी, प्राणहिता, वर्धा अशी वाट साफ केली की वऱ्हाडचा कापूस थेट समुद्रावर उतरेल. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा या योजनेला जोर चढला.

वाटेत तीन ठिकाणी खडकांचे मोठे पट्टे होते. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला, तिसरा आपल्या देवलमरीला, म्हणजे आजचा अहेरी तालुका. तिथं बंधारे, बगलेचे कालवे आणि लॉक अशी कामं काढली. सिरोंच्याला 'अप्पर गोदावरी' नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचं ठाणं झालं. आज ज्या गावाला जिल्ह्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, ते तेव्हा जिल्ह्याचं गाव होतं!

पुढं युद्ध १८६५ ला संपलं, कापसाचा भाव पडला. १८६७ ला रेल्वे नागपुरात आली. १८७१ ला काम बंद. पुढं जिल्हाही मोडून चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडला. दुम्मागुडेमचा बंधारा अजून आहे. आमच्याकडचं काम अर्धवटच राहिलं.

तेव्हा भाऊ, ही नदी एकदा हरलेली आहे, आणि हरवलं तिला रेल्वेनं. आज तर रेल्वे तुमच्या दारात आहे.

झाडीची_सून:
डाक दादा, हे माहीत नव्हतं. देवलमरीवरून इतक्यांदा गेले, कुणी सांगितलं नाही.

मला वेगळं बोलायचं आहे. सगळे कोळसा आणि कापूस बोलताहेत, आमच्या वैनगंगेवर अजून माणसंच डोंग्यातून जातात. वैनगंगा-प्राणहिता पण त्याच यादीत आहे ना, १०९ नंबरला, दीडशे किलोमीटरच्या वर? जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ डोंगा उलटला. पलीकडे मिरची तोडायला चाललेल्या बाया बुडाल्या. सहा जणी.

माझी सासू तरुणपणी अशीच जायची. सांगते, डोंग्यात बसताना पदर कमरेला घट्ट खोचायचा, चपला हातात घ्यायच्या, आणि मधोमध गेल्यावर कुणी बोलायचं नाही, डोंगा चालवणारा ढिवरभाऊ सांगेल तेव्हाच हलायचं. लाइफ जॅकेट हा शब्दच नव्हता. आजही कितीक घाटांवर नाही. ७८ नंबर, १०९ नंबर करण्याआधी घाटाला चार पायऱ्या आणि डोंग्यात दहा जॅकेटं द्या म्हणावं. त्याला कायदा लागत नाही.

पांढरकवडा_एक्सप्रेस:
ताई, लाख बोललात. जॅकेटाचं उद्घाटन करता येत नाही ना, म्हणून भेटत नाही.

नलगंगा:
मी बुलडाण्याचा, जरा उलटं बोलतो. सगळेच नाही म्हणताहेत म्हणून.

वैनगंगा-नलगंगा जोड प्रकल्पाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणापासून आमच्या नलगंगेपर्यंत ४२६ किलोमीटरचा कालवा, ८७ हजार कोटींच्या वर खर्च. एवढं खणणारच आहात तर थोडं रुंद खणून त्यातूनच मालाची बोट का नाही न्यायची? संत्री, कापूस, सोयाबीन, पूर्वेकडून तांदूळ. एका खर्चात दोन कामं. सगळं रेल्वेवर सोडायचं तर समृद्धी महामार्ग तरी कशाला बांधला? जर्मनीत माइन आणि डॅन्यूब या नद्या जोडणारा १७१ किलोमीटरचा कालवा आहेच की, १९९२ ला पुरा झाला, १६ लॉक आहेत, डोंगर चढून जहाजं जातात.

निवृत्त_शाखा_अभियंता:
नलगंगा, प्रश्न चांगला आहे, टाळत नाही.

एक, या जोड प्रकल्पात बोगदे आहेत आणि पंपानं पाणी उपसून वर चढवायचं आहे. पाणी पाइपातून वर जातं, बोट जात नाही. दोन, सिंचनाचा कालवा आवर्तनावर चालतो. रब्बीला पाळी सुटली तर पाणी, नाहीतर कोरडा. बोटीला बारमाही भरलेला कालवा हवा. शेतकरी म्हणेल पाणी शेतात सोडा, बोटवाला म्हणेल कालव्यात ठेवा. भांडण ठरलेलं.

आणि एका खर्चात दोन कामं हा प्रयोगही झालेला आहे. मद्रास इलाख्यात एका खासगी कंपनीनं कर्नूल-कडप्पा कालवा सिंचन आणि बोटी दोन्हींसाठी खणला. कंपनी तोट्यात गेली, १८८२ ला सरकारला तो विकत घ्यावा लागला. आज तो निव्वळ सिंचनाचा आहे.

जर्मनीचं म्हणाल तर तिथं पाणी वर उपसायची सोय धरूनच कालवा बांधला आणि सरकार त्याची देखभाल सोडत नाही. शेवटी गोष्ट तिथंच येते, बरगे कोण टाकणार?

केंटकीतला_कापूस:
मी मूळचा वणीचा, सध्या अमेरिकेत ओहायो नदीकाठी राहतो. खिडकीतून रोज बार्ज दिसतात. पंधरा-पंधरा बार्ज एकत्र बांधून एक बोट ढकलत नेते. मागे इंजिन, पुढं कोळसा, धान्य, खडी. बघत राहावंसं वाटतं.

अभियंता काकांचे बरगे वाचून दचकलो, कारण इथं अगदी तसेच होते. ओहायोवरचे ५२ आणि ५३ नंबरचे लॉक-बंधारे १९२० च्या दशकातले. त्यांच्यात लाकडी फळ्यांच्या झडपा होत्या, पाणी कमी झालं की बोटीवरून माणसं एकेक उचलून उभी करायची. जगातल्या श्रीमंत देशात, परवापरवापर्यंत! लाकूड कुजायचं, झडप अडकायची आणि इकडे बार्जची रांग दिवस-दिवस उभी. शेवटी दोन्हींच्या जागी ओल्मस्टेड इथं नवा बंधारा बांधला. मंजुरी १९८८ ची, अंदाज साडेसत्याहत्तर कोटी डॉलर. उघडला २०१८ ला, खर्च तीनशे कोटी डॉलरच्या घरात.

पैशाची पद्धत अशी: बार्जवाले डिझेलवर गॅलनमागे २९ सेंट कर देतात, तो एका वेगळ्या निधीत जातो. नव्या लॉकच्या बांधकामाचा काही हिस्सा त्यातून, बाकी सरकारी तिजोरीतून. रोजची देखभाल पूर्ण सरकारची. बार्जवाले म्हणतात आमच्यावर कर वाढवू नका, रेल्वेवाले म्हणतात यांना फुकटचा रस्ता का. दर वर्षी तेच भांडण. आणि हे सगळं अशा नदीत, जिच्यात माल आधीपासून आहे.

निवृत्त_शाखा_अभियंता:
केंटकी, तुमचं साल वाचून हसू आलं. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी गोसीखुर्दची पायाभरणी केली. अंदाज ३७२ कोटी. पुढं खर्च १८ हजार कोटींच्या पार गेला. तुमचा बंधारा चौपट झाला तर तुम्ही ओरडता. आमचं गणित करायला कॅल्क्युलेटर नको, धीर पाहिजे.

सावजी_तर्री:
म्हणजे १९८८ सालीच काहीतरी ग्रहमान होतं.

चावडी_मॉनिटर:
गोसीखुर्दवर स्वतंत्र धागा आहे. इथं जलमार्गावरच बोलूया. पुनर्वसनाचे दोन प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

पांढरकवडा_एक्सप्रेस:
मॉनिटर साहेब, गोसीचे लोक बी असेच हलवले होते 😐

घुग्घुसकर:
(वरच्यावर काय बोलणार.)

देशाचं चित्र सांगतो. २०१३-१४ ला जलमार्गांवर १.८ कोटी टन माल होता, २०२४-२५ ला साडेचौदा कोटी टन. वाढ खरी आहे. पण १११ पैकी चालू मार्ग तीसेकच. माल आहे तो गंगेवर, ब्रह्मपुत्रेवर आणि समुद्राच्या खाड्यांत. आपल्याच राज्यातली आंबा नदी, धरमतरची खाडी, १० नंबरचा जलमार्ग. तिथं भरतीच्या पाण्यावर बार्ज थेट पोलाद कारखान्याच्या धक्क्याला लागते. समुद्र फुकट पाणी भरून देतो. आपल्याला कोण देणार?

गंगेवर हल्दिया ते वाराणसी मार्गासाठी जागतिक बँकेची मदत घेऊन पाच हजार कोटींच्या वरची योजना आखली. वाराणसीचं टर्मिनल २०१८ ला झालं. डिसेंबर २०२४ मध्ये 'जलवाहक' योजना आली, पाण्यानं माल ३०० किलोमीटरपेक्षा लांब नेला तर चालवण्याच्या खर्चाचा ३५ टक्क्यांपर्यंत परतावा. पण ती १, २ आणि १६ नंबरसाठी, म्हणजे गंगा, ब्रह्मपुत्रा आणि बराकसाठी. ७८ चं त्यात नाव नाही. भाऊ, गंगेसारख्या नदीत माल आणायला सरकारला पदरचे ३५ टक्के द्यावे लागतात, यातून काय ते समजा.

झाडीची_सून:
आमच्याकडचं लोहखनिज बघा. हेडरी ते कोनसरी ८५ किलोमीटरची पाइपलाइन झाली, खनिजाची भुकटी पाण्यात कालवून पाइपातून जाते. लोखंड शेवटी पाण्यातूनच गेलं, फक्त नदीला न विचारता.

नलगंगा:
ताई 👌 मान्य. तरी माझं म्हणणं पूर्ण सोडत नाही. संपूर्ण वर्धा नको. पण गोसीखुर्दच्या जलाशयात, जिथं पाणी बारमाही आहे, तिथं काठच्या गावांसाठी माल आणि माणसं नेणारी छोटी बोट? धान मंडईला नेता येईल. त्याला लॉक लागत नाही, गाळ काढायला लागत नाही.

निवृत्त_शाखा_अभियंता:
याला माझी हरकत नाही. उलट पैसा लावायचा तर असाच लावावा. जिथं पाणी आहे तिथं घाट बांधा, तरंगती जेट्टी ठेवा, बोट तपासणी आणि जॅकेटं सक्तीची करा. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा नोंदणी आणि सुरक्षेसाठीच आहे. आणि देखभालीचा पैसा दर वर्षी आधी बाजूला काढा, उरलेल्यात नवीन बांधा. आपण उलटं करतो.

पांढरकवडा_एक्सप्रेस:
मंडळी, ज्यानं धागा काढला तो कुठं गेला? त्याचा पाडवा आला जवळ.

घाटावरचा:
आहे, आहे. सगळं वाचलं, दोनदा. उत्तर द्यायच्या आधी म्हटलं स्वतः बघून येतो.

काल सकाळी घाटावर गेलो. ढिवरवाड्यातल्या एका म्हाताऱ्या काकांचा डोंगा घेतला आणि त्यांचा बांबू. बांबूला मी घरूनच हात-हातावर चुना लावून खुणा केल्या होत्या. संगमाच्या डोहात बांबू तीन खुणा बुडाला, मी खूश. काका काही बोलले नाहीत. खालच्या अंगाला पाव किलोमीटर गेलो तर डोंग्याचा तळ रेतीवर घासला. काका खाली उतरले, मीही उतरलो. पाणी पोटरीला. दोघांनी मिळून डोंगा ढकलत नेला. ढकलताना काका म्हणाले, "ते रबरी बोटवाले मोजाले आल्ते ना पोरा, ते बी असेच ढकलत गेल्ते."

सिरोंचा_डाक, तुमच्या कॉटन साहेबाची फार आठवण आली त्या रेतीत.

व्यवहार मोडायचा ठरवला. दलालाकडे गेलो, म्हटलं २१ हजार परत दे, नदीत पाणी नाही. अजिबात रागावला नाही. चहा पाजला. म्हणतो, "भाऊ, तू चुकीच्या महिन्यात पाह्यलं. जुलैत ये, मंग दाखवतो पाणी."

सावजी_तर्री:
जुलैत पाणी दिसेल रे. प्लॉट दिसणार नाही.